शेवटच्या रांगेतला कान

यंत्रमागांच्या खडखडाटात दिवस काढणाऱ्या आम्हा भिवंडीकरांना व्याख्यानातला शब्द स्वच्छ ऐकू येणे ही चैन नव्हे, गरज आहे. ध्वनिमिश्रक यंत्र आता व्यासपीठापाशी पेटीत राहते आणि टॅब्लेटवरून चालते; त्यामुळे चालकाला शेवटच्या रांगेत बसून, तेथील कानाने आवाज जुळवता येतो. टॅब्लेटकडून जातात त्या केवळ आज्ञा. वक्त्याचा आवाज त्या वाटेने जात नाही. श्रोत्यांच्या मोबाइलांच्या गर्दीत २.४ गिगाहर्ट्‌झची वाट तुंबू शकते. म्हणून ५ गिगाहर्ट्‌झचा स्वतंत्र राउटर ठेवावा. संपर्क तुटला तरी सभा चालूच राहते. परंतु कर्ण्याचा आवाज पुन्हा ध्वनिक्षेपकात शिरून शिट्टी उठली, तर ती आवरणार कोण? त्यासाठी यंत्रापाशी तारेने जोडलेला संगणक आणि जाणता माणूस हवाच.