अकरावीचे वर्ष आणि घरातील माणसे

दहावीचा निकाल लागतो, पेढे वाटले जातात, आप्तेष्टांचे दूरध्वनी येऊन जातात, आणि ते कौतुक ओसरण्यापूर्वीच घरात एक प्रश्न ठाण मांडून बसतो: "आता पुढे काय?" प्रश्न मुलाला उद्देशून विचारलेला असतो खरा, परंतु त्याचे उत्तर देण्यास मुलाखेरीज इतर सर्वजण उत्सुक असतात. आत्या वैद्यकीय शिक्षणाचा आग्रह धरतात, शेजारचे काका संगणक अभियांत्रिकीवाचून तरणोपाय नाही असे सांगतात, आणि सोळा वर्षांचे ते मूल मुकाट्याने ऐकत असते. पालकहो, प्रस्तुत लेख त्या मुलासाठी नाही. तो आपल्यासाठी आहे.

अकरावी आणि बारावी या दोन वर्षांत घरात दोन प्रकारची कामे असतात. एक अभ्यासाचे, ते मुलाचे आहे व तेच करू शकते. दुसरे काम नियम समजून घेण्याचे, कागदपत्रे जमविण्याचे, महाविद्यालयांची माहिती मिळविण्याचे आणि घराचे वातावरण राहण्याजोगे ठेवण्याचे. ते वडीलधाऱ्यांचे आहे. पुष्कळ घरांतून ही वाटणी नेमकी उलटी झालेली आढळते. आईवडील मुलाच्या खोलीत तासातासाला डोकावून किती पाने झाली ते पाहतात, आणि अर्जाची अखेरची तारीख कोणती हे मात्र मुलाने वर्गमित्राकडून ऐकून यावे अशी अपेक्षा असते.

प्रथम गुणांची भाषा समजून घेऊ, कारण घरातील निम्मी भांडणे या भाषेच्या अज्ञानातून उद्भवतात. आपल्या पिढीला टक्के ठाऊक आहेत. जेईई मेन किंवा महाराष्ट्राची एमएचटी-सीईटी या परीक्षांच्या निकालात जो आकडा येतो तो मात्र टक्क्यांचा नसून पर्सेंटाइलचा असतो. म्हणजे शंभर परीक्षार्थींपैकी किती जण आपल्या बरोबरीला वा मागे आहेत, हे तो सांगतो. २०२५ मध्ये जेईई मेन परीक्षेस सुमारे १४ लाख ७५ हजार विद्यार्थी बसले. त्यात ९० पर्सेंटाइल मिळविणाऱ्या मुलाच्या पुढे जवळजवळ दीड लाख विद्यार्थी होते. उलट, या परीक्षेच्या ३०० गुणांपैकी निम्मे गुण मिळवूनही ९५ च्या पुढचा पर्सेंटाइल पदरी पडलेला आहे. तेव्हा सराव परीक्षेत ३०० पैकी १४० गुण घेऊन आलेल्या मुलीला "दहावीला ९४ टक्के होते, आता निम्मेही नाहीत?" असे विचारणे म्हणजे शेर आणि मैल यांची तुलना करणे होय. तिला वाईट वाटते ते कमी गुणांचे नव्हे. आपण काय करीत आहोत हे घरात कोणासच कळत नाही याचे.

तशीच गोष्ट 'पात्र' या शब्दाची. २०२५ च्या नीट परीक्षेस २२ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले आणि १२ लाखांहून अधिक पात्र ठरले; देशातील एमबीबीएसच्या जागा मात्र सव्वा लाखाच्या आसपासच आहेत. पात्रतेचा अर्थ रांगेत उभे राहण्याची मुभा, एवढाच. हे ज्या घरात आधी माहीत असते, तेथे निकालाच्या दिवशी आनंद आणि आघात यांची अशी अदलाबदल होत नाही.

अकरावीचे महत्त्व कोणत्या परीक्षेत किती, हेही पाहावे. एमएचटी-सीईटीच्या प्रश्नपत्रिकेत अकरावीच्या अभ्यासक्रमास सुमारे २० टक्के आणि बारावीच्या अभ्यासक्रमास ८० टक्के स्थान असते. जेईई आणि नीट या परीक्षांना दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम असतो. गतिशास्त्र किंवा रसायनशास्त्रातील मोल-संकल्पना अकरावीत कच्ची राहिली तर बारावीत ती पदोपदी अडविते. शिवाय बोर्डाची परीक्षा गौण समजून चालत नाही. आयआयटी व एनआयटी यांच्या प्रवेशासाठी बारावीला ७५ टक्के (अनुसूचित जाती, जमाती व दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी ६५ टक्के) किंवा आपल्या बोर्डातील वरच्या २० टक्क्यांत स्थान लागते. नाममात्र एखाद्या महाविद्यालयात नाव घालून दिवसभर शिकवणीवर्गात बसण्याची जी प्रथा पडली आहे, ती या दृष्टीने अत्यंत धोक्याची वाटते. सीबीएसईने ७५ टक्के हजेरीचा आग्रह धरला आहे. आणि प्रयोगशाळेत कधी पाऊल न टाकलेला मुलगा उद्या अभियंता व्हावा ही अपेक्षाही थोडी विनोदी नाही काय?

आता एका अशा बाबीकडे वळू, की जिच्याकडे लक्ष न दिल्याने हुशार मुलांची हानी झाली आहे. मुलाला शिकवणीसाठी परराज्यात पाठविताना बारावीची परीक्षा कोणत्या राज्यातून द्यावयाची, याचा विचार फार थोडे पालक करतात. एनआयटीमधील निम्म्या जागा त्या त्या राज्यातील विद्यार्थ्यांसाठी असतात, आणि विद्यार्थ्याचे राज्य ठरते ते त्याच्या जन्मावरून नव्हे, घराच्या पत्त्यावरूनही नव्हे, तर बारावी जेथून उत्तीर्ण झाला त्यावरून. लातूरचा मुलगा कोट्यातील शाळेतून बारावी झाला तर नागपूरच्या एनआयटीसाठी तो परराज्याचा ठरतो. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून व ८५ टक्के राज्याच्या कोट्यातून भरल्या जातात. महाराष्ट्राच्या या ८५ टक्क्यांसाठी सर्वसाधारणपणे दहावी व बारावी महाराष्ट्रातूनच उत्तीर्ण व्हावी लागते आणि अधिवासाचा दाखला लागतो. शासकीय कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी काही सवलती आहेत, त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहाव्यात. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथे पिढ्यानपिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांनी तर आपले मूल कोणत्या राज्याचे गणले जाईल, याचा निर्णय अकरावीच्या प्रवेशाच्या वेळीच करून ठेवावा. बारावी झाल्यावर तो बदलता येत नाही.

कागदपत्रांचेही तसेच. महाराष्ट्रात राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश घ्यावयाचा तर जातीचा दाखला पुरेसा नसतो. जिल्हा पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते, आणि ते मिळण्यास महिने लागतात. आजोबांच्या शाळेचा दाखला, पणजोबांची महसुली नोंद, असे पुरावे गावी जाऊन शोधावे लागतात. हे काम अकरावीत, महाविद्यालयामार्फत सुरू करणेच योग्य. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र त्या आर्थिक वर्षापुरतेच चालते. इतर मागासवर्गीयांसाठी केंद्राच्या परीक्षांना लागणारा दाखला राज्याच्या दाखल्याहून वेगळ्या नमुन्यात असतो. अर्जातील नाव, आधारपत्रावरील नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरील नाव यांत एका अक्षराचाही फरक नसावा. वडिलांनी अथवा आईने अर्धा दिवस रजा काढून तहसील कार्यालयात खेटा घातला, तर मुलाचे पंधरा दिवसांचे मनःस्वास्थ्य त्यांनी विकत घेतले असे समजण्यास हरकत नाही.

शिकवणीवर्गांविषयी थोडे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये या वर्गांसाठी मार्गदर्शक तत्त्वे राज्यांकडे पाठविली. सोळा वर्षांखालील वा दहावी न झालेल्या मुलास प्रवेश देऊ नये. दिवसाला पाच तासांहून अधिक वर्ग नसावेत. आठवड्याची सुट्टी द्यावी व सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी परीक्षा ठेवू नये. मध्येच वर्ग सोडणाऱ्यास उर्वरित काळाचे शुल्क दहा दिवसांत परत करावे, असे त्यांत म्हटले आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासंबंधी निर्देश देताना, गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नयेत आणि त्यांना चारचौघांत खाली पाहावयास लावू नये, असे बजाविले. शुल्क भरण्यापूर्वी या बाबी त्या खिडकीवरच विचाराव्यात. दोन वर्षांचे शुल्क एकरकमी भरण्याचा आग्रह होत असेल, तर सावध होणे बरे. दोन लाखांचे कर्ज काढून भरलेले शुल्क मुलाच्या खांद्यावर रोज सकाळी बसते, मग ते आपण बोलून दाखवा अथवा न दाखवा.

बोलून दाखविण्याचा उल्लेख आला, म्हणून घरातील भाषेविषयी सांगणे अगत्याचे आहे. मूल दारातून आत येते आणि पहिला शब्द ऐकते तो "किती?" पाण्याचा पेला मागाहून. सराव परीक्षेचा उपयोग चुका कळण्यासाठी असतो; घरात जर चुकांची शिक्षाच होत असेल, तर मूल चुका लपविण्यात तरबेज होते आणि परीक्षेचा हेतूच बुडतो. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा, रविवारी जेवणानंतर म्हणा, अर्धा तास या विषयासाठी राखून ठेवावा. त्या वेळी उत्तरपत्रिका पुढे घेऊन एवढेच पाहावे: चुकलेल्यांपैकी किती प्रश्न मुळातच येत नव्हते, किती येत असून घाईने चुकले आणि कितींना वेळच पुरला नाही. या तिन्हींचे उपाय निराळे आहेत, आणि ते मूल स्वतःच सांगू शकते. उरलेले सहा दिवस हा विषय घरात वर्ज्य समजावा. पाहुण्यांसमोर तर अवश्य.

झोपेच्या बाबतीत मात्र पालकांनी अधिकार गाजवावा. या वयाच्या मुलांना रात्रीची आठ ते दहा तास झोप लागते, आणि दिवसा वाचलेले मनात पक्के होते ते पुष्कळसे झोपेतच. पहाटे चारला उठविणे ही तपश्चर्या खरी. पण रात्री बारापर्यंत जागविलेल्या मुलाच्या बाबतीत ती निव्वळ उधळपट्टी आहे. संध्याकाळचा तासभर खेळ किंवा पायी फेरी काढून टाकू नये. पेटी, तबला, क्रिकेट, जे काही दहावीपर्यंत चालू होते, ते अकरावीत एका दिवसात बंद करणाऱ्या घरांची घाई मला कधीच समजलेली नाही.

महाविद्यालयांचा शोध अकरावीच्या मे महिन्याच्या सुट्टीत घ्यावा. शासनाची राष्ट्रीय क्रमवारी २०१६ पासून दरवर्षी प्रसिद्ध होते. मागील वर्षी कोणत्या शाखेचा प्रवेश कोठे थांबला, हेही प्रवेश प्राधिकरणे जाहीर करतात. हे आकडे मुलाबरोबर बसून पाहावेत. आणि शक्य असेल तर दोन-तीन महाविद्यालये कामाच्या दिवशी प्रत्यक्ष पाहावीत. प्रयोगशाळेतील यंत्रांवर धूळ आहे की हातांच्या खुणा, वसतिगृहातील पाणी कसे आहे, अखेरच्या वर्षातील मुले काय सांगतात, यांतून जे कळते ते रंगीत पुस्तिकेतून कळत नाही. वैद्यक आणि अभियांत्रिकी यांपलीकडील वाटांची नावेही घरात घेतली जावीत. पुण्याच्या आयसरसारख्या विज्ञानसंस्थांची स्वतंत्र परीक्षा असते. वास्तुशास्त्र, विधी, अभिकल्प यांच्या परीक्षा निराळ्या आहेत. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी अभ्यासक्रमांसाठी सीयूईटी मराठीतूनही देता येते. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत २०२२ साली मुलींनी प्रथम प्रवेश केला आणि मे २०२५ मध्ये त्यांतील १७ जणी पदवी घेऊन बाहेर पडल्या. ज्या मुलीच्या घरात हा शब्द कधी उच्चारलाच गेला नाही, तिला ती वाट दिसणार कशी?

आणखी एक गोष्ट निकालानंतर बोलण्याची नव्हे, आताच बोलण्याची आहे. इच्छित ठिकाणी प्रवेश न मिळाल्यास काय, हा प्रश्न अपशकुनी मानून टाळला जातो. मूल मात्र रात्री अंथरुणावर त्याचाच विचार करीत असते. दुसरी आणि तिसरी वाट कोणती, एक वर्ष पुन्हा द्यावयाचे की नाही, हे मोकळेपणाने ठरवून ठेवावे. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड लागोपाठच्या दोनच वर्षी देता येते, हेही त्यात धरावे.

कधी कधी मात्र बोलणेही पुरे पडत नाही. मूल जेवण टाकू लागले, मित्रांना टाळू लागले, रात्ररात्र जागू लागले, आवडत्या वस्तू वाटून टाकू लागले किंवा "मी नसतो तर बरे झाले असते" अशा अर्थाचे काही बोलले, तर त्याला नाटक समजू नये. "तुझ्या मनात जीव नकोसा झाल्याचे विचार येतात का?" असे शांतपणे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उलट मुलाला सांगण्यास जागा मिळते. त्या दिवशी त्याला एकटे ठेवू नये आणि डॉक्टरांकडे न्यावे. शासनाची टेलि-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक स्वयंपाकघराच्या भिंतीवर, दूधवाल्याच्या क्रमांकाशेजारी लिहून ठेवण्यात कसलाही कमीपणा नाही. तो पालकांसाठीही आहे.

राहिला पसंतीक्रम. बारावीनंतर प्रवेशफेऱ्यांत महाविद्यालयांची जी यादी भरावयाची असते, ती भरताना 'मिळेल काय' या भीतीने हवे ते महाविद्यालय खाली ढकलले जाते. यादीतील जे सर्वांत वरचे मिळू शकते तेच दिले जाते. म्हणून मनाजोगते वर ठेवल्याने खालची संधी जात नाही. क्रम मुलाने लावावा; आपण त्या वर्षीचे नियम हाती घेऊन शेजारी बसावे. अर्ज निश्चित करण्यापूर्वी त्याने तो सांकेतिक क्रमांकांसह एकदा मोठ्याने वाचून दाखवावा आणि आपण मुद्रित प्रतीवर एकेक ओळ तपासावी, कारण एका आकड्याच्या चुकीने शाखा बदलते, शहरही बदलते.