व्हिडिओ एक्स्पोर्ट होताना अडकतोय? आधी ‘कुठे’ ते पाहा
लग्नाचा व्हिडिओ उद्या द्यायचाय आणि एक्स्पोर्ट ६३ टक्क्यांवर थांबलाय. लगेच सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकू नका. प्रोजेक्टची प्रत सेव्ह करा, पुन्हा एक्स्पोर्ट लावा आणि तो कुठे थांबतो ते पाहा.

दरवेळी एकाच जागी? दोष बहुधा टाइमलाइनवर त्या जागी असलेल्या क्लिपमध्ये किंवा इफेक्टमध्ये आहे. इफेक्ट बंद करून पाहा. मोबाइलवर शूट केलेल्या क्लिपचा फ्रेम रेट अनेकदा कमी-जास्त होतो. ‘हँडब्रेक’ या मोफत सॉफ्टवेअरमधून तो स्थिर करून घ्या.

दरवेळी वेगळ्या जागी? मग संगणक तपासा. डिस्कवर जागा आहे का? मशीन तापतंय का? हार्डवेअर एन्कोडिंगऐवजी सॉफ्टवेअर एन्कोडिंग निवडा. वेळ जास्त लागेल, पण ग्राफिक्स कार्डामुळे येणारी अडचण टळेल.

फाइल ४ जीबीजवळ अडकते? पेनड्राइव्ह ‘फॅट ३२’ असू शकतो. त्यावर ४ जीबीची मर्यादा असते. आधी संगणकाच्या डिस्कवर एक्स्पोर्ट करा.

तरीही अडलं, तर टाइमलाइनचे दोन भाग करून वेगवेगळे एक्स्पोर्ट करा. जो अडकेल, त्याचे पुन्हा दोन. दोन-चार फेऱ्यांत बिघडलेली क्लिप हाती लागते.