आधी गोळ्यांची पिशवी

सकाळी साडेआठ
औरंगपुऱ्यातला दवाखाना उघडला की पहिलं काम म्हणजे पाण्याच्या टाकीत डोकावणं. छत्रपती संभाजीनगरात नळाला पाणी रोज येत नाही आणि स्केलिंगच्या मशीनला तर धार सतत लागते. टाकी तळाला गेली असेल तर टँकरवाल्याला फोन. ऑटोक्लेव्ह 121 अंशांवर चढेपर्यंत सिस्टर आजची नावं वाचते. मी हिरड्यांची डॉक्टर. तरी नवा पेशंट आला की तोंड उघडायच्या आधी मी गोळ्यांची पिशवी मागते.

दहा
फुलंब्रीकडच्या आजी. दात हलतात.
"मिश्री लावता का आजी?"
"लावते की. त्याबिगर पोटच साफ होत नाही माय."
हिरडीतून रक्ताचा थेंब नाही. तेवढ्यावर हिरडी चांगली म्हणावं, तर मोजपट्टी सरळ 7 मिलिमीटर आत जाते. निरोगी हिरडीत ती 3 मिलिमीटरपर्यंतच जाते. मिश्रीतल्या तंबाखूने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. आजार आतल्या आत हाड खात राहतो आणि रक्त येत नाही म्हणून माणूस निर्धास्त असतो. हीच तंबाखू हृदयाच्या रक्तवाहिन्याही बिघडवते. त्यामुळे एका माणसात दोन्ही आजार सापडले, तर एकाने दुसरा ओढून आणला की दोघांना तंबाखूने बोलावलं, हे ठरवणं अवघड जातं.

साडेअकरा
तिशीतला तरुण. लहानपणीच्या ऱ्हुमॅटिक तापाने हृदयाची झडप गेली, आता कृत्रिम बसवली आहे. किडलेली दाढ काढायची आहे. पिशवीत रक्त पातळ ठेवणारी गोळी दिसते, पण पाकीट भरलेलं.
"घेत नाही का?"
"शेजारच्या काकांनी सांगितलं, दात काढायचा तर चार दिवस बंद ठेव."
काकांना मनातल्या मनात हात जोडते. झडपेवर गुठळी झाली तर जीव जाईल; दाढेच्या जागचं रक्त मी दाबून, टाके घालून थांबवू शकते. आज दाढ निघत नाही. हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला. गोळी पुन्हा कशी सुरू करायची ते त्यांनीच त्याला सांगितलं. रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आयएनआरचा रिपोर्ट आला की पुढची तारीख. त्या दिवशी तासभर आधी 2 ग्रॅम अमॉक्सिसिलिन, कारण तोंडातले जंतू रक्तात उतरून अशा झडपेवर घर करतात. हिरडी आणि हृदय यांचं हे नातं वादातीत आहे. सुजलेल्या हिरडीतून हे जंतू साध्या ब्रशनेही रक्तात जातात, म्हणून त्या एका डोसापेक्षा त्याच्या रोजच्या ब्रशची मला जास्त काळजी.

एक
डबा खाण्याआधी एक बाई. हिरड्या फुगून अर्धे दात झाकलेत. पिशवीत बीपीची अॅम्लोडिपिन. काही जणांत या गोळीने हिरड्या वाढतात. फिजिशियनला चिठ्ठी: दुसरी गोळी चालेल का?

साडेपाच
निवृत्त बँकवाले काका मोबाइल पुढे करतात: 'हिरड्या साफ करा, हार्ट अटॅक टाळा.' आमच्या धंद्यातलेही काहीजण असं लिहितात आणि मला ते पटत नाही. 1989 मध्ये फिनलंडच्या डॉक्टरांना हार्ट अटॅक आलेल्यांचे दात इतरांपेक्षा खराब आढळले; तिथून हा विषय गाजू लागला. हिरडीतले जंतू पुढे धमन्यांतल्या थरातही सापडले. 2007 मध्ये लंडनच्या संशोधकांनी 120 जणांवर प्रयोग केला: खोल सफाईनंतर दुसऱ्या दिवशी रक्तवाहिन्यांचं काम बिघडलं, सहा महिन्यांनी मात्र सुधारलेलं दिसलं. पण 2012 मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने सगळा पुरावा चाळला तेव्हा निष्कर्ष निघाला की संबंध आहे, कारण असल्याचं सिद्ध नाही, आणि हिरड्यांच्या उपचाराने हृदयविकार टळतो असंही दिसलेलं नाही.
"मग सफाई कशाला करू?"
"दात टिकावेत म्हणून. आणि शुगर आहे ना तुम्हाला? ती थोडी आटोक्यात यायला मदत होते."
काका थोडे हिरमुसले. हार्ट अटॅकच्या मानाने दात म्हणजे किरकोळ माल!

सात
वाळूजच्या कंपनीतले सुपरवायझर. खालची डावी दाढ दुखते, काढून टाका म्हणतात. ठोकून पाहिलं, थंड लावलं, एक्स-रे काढला; दाढ ठणठणीत.
"दुखते कधी?"
"चाललो, चढलो की. आत्ता तुमचा जिना चढताना पण. बसलं की थांबते."
मी हातमोजे काढले. हृदयाचं दुखणं कधीकधी छातीत न जाणवता जबड्यात बोलतं.
"दाताचं बघा ना मॅडम, हार्टचं काय काढलं मधेच?"
वाद घालत बसले नाही. चिठ्ठी लिहिली, आमच्या कंपाउंडरला सोबत दिलं आणि रिक्षाने थेट हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

पावणेनऊ
डॉक्टरांचा फोन. ईसीजीत बदल आहेत, दाखल करून घेतलंय, उद्या अँजिओग्राफी.
"आणि पेशंट विचारतोय, दाढ कधी काढणार?"
"काढायची नाहीये," मी म्हटलं. "त्यांना परत एकदा सांगा."