पहिल्या आकड्याचा नांगर

लखनौचे चारबाग रेल्वे स्थानक एका ऐतिहासिक भेटीसाठी प्रसिद्ध आहे. १९१६ च्या डिसेंबरात लखनौस काँग्रेसचे अधिवेशन भरले. लोकमान्य टिळकांच्या पुनरागमनाने ते गाजले. त्याच सुमारास महात्मा गांधी व जवाहरलाल नेहरू यांची पहिली भेट या स्थानकावर झाली, असे मानले जाते. गांधीजी तेव्हा ४७ वर्षांचे होते, नेहरू २७ वर्षांचे.

गांधीजींच्या वयानेच पुढे मानसशास्त्रास एक धडा दिला. फ्रिट्झ स्ट्रॅक व थॉमस मुसवायलर या जर्मन शास्त्रज्ञांनी १९९७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना त्यांनी विचारले, "गांधीजी वयाच्या ९ व्या वर्षापूर्वी निवर्तले की नंतर?" इतरांना विचारले, "१४० व्या वर्षापूर्वी की नंतर?" दोन्ही आकडे उघडच हास्यास्पद. तरीही मृत्युसमयीच्या वयाचा अंदाज पहिल्या गटाने सरासरी ५० च्या आसपास केला, दुसऱ्याने ६७ च्या. खरे वय होते ७८.

असे का व्हावे? १४० हा आकडा कानी पडताच काठी टेकीत चालणारी वृद्ध मूर्ती डोळ्यांपुढे येते. मन त्या आकड्यास जुळणाऱ्याच गोष्टी आठवू लागते. नांगरलेले जहाज थोडेफार हेलकावते, परंतु दूर जात नाही. तसाच आपला अंदाज पहिल्या आकड्याभोवती घोटाळतो.

जाणकारही यातून सुटत नाहीत. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जर्मनीतील कायदेतज्ज्ञांना फासे टाकावयास लावून एका काल्पनिक चोरीची शिक्षा सुचविण्यास सांगितले. फासे असे बनविले होते की बेरीज ३ किंवा ९ च यावी. ३ पडलेल्यांनी सरासरी सुमारे ५ महिने कैद सुचविली, ९ पडलेल्यांनी ८ महिने. माणसाचे स्वातंत्र्य जणू फाशांवर टांगले गेले!

मग घरखर्चाची काय कथा? चारबागेबाहेर रिक्षावाल्याने प्रथम सांगितलेले भाडे, चिकनच्या कुर्त्यावरील खोडलेली किंमत, लग्नाच्या खर्चाविषयी शेजाऱ्यांनी सहज उच्चारलेली रक्कम, हे सारे नांगरच होत. घासाघीस करून थोडे कमी केले की आपण जिंकलो असे वाटते. परंतु घासाघीस सुरू झाली ती दुसऱ्याच्या आकड्यापासून.

म्हणून बाजारास निघण्यापूर्वी आपला आकडा कागदावर लिहून ठेवावा. मोठा आकडा समोर आला, तर तो चुकीचा का असेल याची कारणे मनाशी मोजावी. कुटुंबातही प्रत्येकाने आपला अंदाज आधी लिहावा, मग चर्चा करावी. नांगर टाकावयाचाच असेल, तर तो आपल्या हाताने टाकलेला बरा.