संशोधन लेखाची पूर्वतयारी : टिपणकार्डे आणि आराखडा

प्रस्तावना :
संशोधन लेख लिहिताना विद्यार्थ्याची खरी अडचण लेखनात नसून पूर्वतयारीत असते. वहीत उतरवलेला मजकूर वाचनाच्या क्रमाने साठत जातो. लेखाला मात्र मुद्द्यांचा क्रम लागतो. सुटी टिपणकार्डे हवी तशी लावता येतात, हाच त्यांचा मुख्य उपयोग होय. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात डॉ. एस. एम. कत्रे यांच्या पुढाकाराने १९४८ मध्ये सुरू झालेला संस्कृतचा महाकोश याच पद्धतीवर उभा आहे. सुमारे १,५०० ग्रंथांतून शब्द वेचून त्यासाठी जवळपास एक कोटी चिठ्ठ्या तयार करण्यात आल्या.

टिपणकार्ड कसे करावे?
१) एका कार्डावर एकच मुद्दा लिहावा. दोन मुद्दे असतील तर दोन कार्डे करावीत.
२) प्रत्येक कार्डावर ग्रंथाचा क्रमांक व पृष्ठ लिहावे. लेखक, ग्रंथनाम, प्रकाशक, वर्ष ही पूर्ण माहिती त्याच क्रमांकाच्या वेगळ्या ग्रंथकार्डावर एकदाच नोंदवावी.
३) माथ्यावर दोन-तीन शब्दांचे शीर्षक द्यावे.
४) नोंद कोणत्या प्रकारची आहे ते लिहावे : शब्दशः अवतरण, सारांश की स्वतःचे मत. अवतरणास अवतरणचिन्हे तेव्हाच द्यावीत.

चौथा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे. सहा महिन्यांनी वही उघडल्यावर कोणते वाक्य ग्रंथातले व कोणते आपले, हे आठवत नाही आणि नकळत वाङ्मयचौर्य घडते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्रबंधातील साम्य १० टक्क्यांपेक्षा अधिक आढळल्यास कारवाई होऊ शकते. ६० टक्क्यांच्या पुढे गेल्यास नोंदणी रद्द करण्याची तरतूद आहे. हेतू नव्हता, एवढे सांगून सुटका होत नाही.

एक उदाहरण :
‘बडोदा संस्थानातील सक्तीचे प्राथमिक शिक्षण’ हा विषय घेऊ. महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी हा प्रयोग प्रथम अमरेली भागात केला व १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानात लागू केला. अमरेलीच्या प्रयोगाचे वर्ष मात्र काही पुस्तकांत १८९२, तर काहींत १८९३ असे मिळते. वहीत ही दोन वर्षे पन्नास पानांच्या अंतरावर राहतात. एकाच शीर्षकाची कार्डे शेजारी ठेवताच विसंगती दिसते आणि प्रश्न उभा राहतो : एक वर्ष आदेशाचे व दुसरे अंमलबजावणीचे तर नाही? उत्तरासाठी मूळ शासकीय अहवाल पाहावे लागतात. येथे नुसते संकलन संपून संशोधन सुरू होते.

आराखडा :
कार्डे पुरेशी झाली की शीर्षकांनुसार त्यांचे गठ्ठे करावेत. वरील विषयाचे गठ्ठे असे होतील :
अ) संस्थानातील पूर्वीची शिक्षणस्थिती
आ) अमरेलीचा प्रयोग
इ) १९०६ चा विस्तार
ई) अंमलबजावणीतील अडचणी : दंड, शिक्षकांची उणीव, मुलींची उपस्थिती
उ) ब्रिटिश हिंदुस्थानावरील परिणाम : गोपाळ कृष्ण गोखले यांचे १९११ चे विधेयक व १९१२ मध्ये ते फेटाळले जाणे

हे गठ्ठे म्हणजेच लेखाचा कच्चा आराखडा. ‘आ’मध्ये तीस कार्डे आणि ‘ई’मध्ये दोनच असतील तर पुढचे वाचन कोठे करायचे ते आपोआप कळते. कोठेच न बसणारी कार्डे बाजूला ठेवावीत. कष्टाने मिळाली म्हणून ती लेखात कोंबू नयेत. आराखड्याच्या प्रत्येक कलमापुढे एक पूर्ण वाक्य लिहावे. ‘अडचणी’ हा केवळ विषय झाला. ‘कायदा झाला तरी उपस्थिती दंडावर अवलंबून राहिली’ हे विधान झाले. ते कार्डांवरील पुराव्याने टिकते की नाही, हे तपासता येते व टिकले नाही तर बदलता येते.

समारोप :
आज हेच काम संगणकावर किंवा झोटेरोसारख्या मोफत प्रणालीत करता येते. साधन बदलले तरी एक नोंद, एक मुद्दा, एक स्रोत हा नियम बदलत नाही. लेखातील प्रत्येक विधानामागचे कार्ड दाखवता आले पाहिजे. मार्गदर्शकाच्या प्रश्नाला तेच खरे उत्तर असते.