‘पर्यंत’, ‘पासून’ आणि आपले इंग्रजी

काही वर्षांपूर्वी इथल्या एका कंपनीच्या गोदामाची जुनी संगणक प्रणाली बंद करून नवी बसवण्याचे काम माझ्याकडे होते. रविवारी सकाळी मी सर्वांना सूचना पाठवली : ‘द ओल्ड सिस्टिम विल बी अव्हेलेबल बाय थर्सडे.’ मला म्हणायचे होते, जुनी प्रणाली गुरुवारपर्यंत चालू राहील, राहिलेल्या नोंदी तोवर उरकून घ्या. वाचणाऱ्यांनी अर्थ घेतला तो असा, की ती सध्या बंद आहे आणि गुरुवारपर्यंत सुरू होईल. मंडळी थांबून राहिली. गुरुवारी संध्याकाळी मी प्रणाली कायमची बंद केली आणि शुक्रवार-शनिवारची सुट्टी आम्ही चौघांनी पावत्यांच्या ढिगाऱ्यात घालवली. डॉक्टरेटचा प्रबंध इंग्रजीत लिहिलेला माणूस एका ‘बाय’ने तोंडावर पडला!

चूक निष्काळजीपणाची नव्हती, मराठीची होती. ‘गुरुवारपर्यंत अर्ज द्या’ आणि ‘गुरुवारपर्यंत दुकान उघडे राहील’ या दोन्हींत आपला ‘पर्यंत’ एकच. काम त्या मुदतीच्या आत एकदा व्हायचे आहे की तोवर चालू राहायचे आहे, हे आपले क्रियापद सांगते. इंग्रजी तो भेद शब्दयोगी अव्ययातच करते : पहिल्यासाठी ‘बाय’, दुसऱ्यासाठी ‘अन्टिल’.

‘पासून’चेही तसेच. ‘२०१५पासून’ आणि ‘दहा वर्षांपासून’ दोन्ही आपण सहज म्हणतो, म्हणून ‘सिन्स टेन इयर्स’ तोंडातून निघून जाते. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगायचा तर ‘सिन्स’ आणि कालावधी मोजायचा तर ‘फॉर’. शिवाय आपण ‘मी दहा वर्षे इथे राहतो’ असा साधा वर्तमानकाळ वापरतो. इंग्रजीला तिथे ‘हॅव बीन लिव्हिंग’ लागते.

सर्वांत अवघड प्रकरण ‘अ’ आणि ‘द’चे. मराठीत उपपदे नाहीत, म्हणून आपल्याला तो भेदच कळत नाही, असे मी बरीच वर्षे समजत होतो. पण ‘मी बायको शोधतो आहे’ आणि ‘मी बायकोला शोधतो आहे’ यांतला फरक कोणत्या मराठी माणसाला कळत नाही? पहिला उपवर आहे, दुसऱ्याची बायको सालमियाच्या बाजारात गर्दीत दिसेनाशी झाली आहे! इथे इंग्रजी ‘द’चे बरेचसे काम आपला ‘ला’ करतो. निर्जीव वस्तूंच्या बाबतीत ही युक्ती फारशी चालत नाही. तिथे ‘एखादे पुस्तक दे’ की ‘ते पुस्तक दे’ असे मनात म्हणून पाहावे. माझ्या शेजारी बसणाऱ्या इजिप्तच्या सहकाऱ्याची अडचण उलटी. अरबीत ‘आयुष्य’ अशा सर्वसाधारण कल्पनेलाही ‘अल्’ लागतो, म्हणून तो ‘द लाइफ इज हार्ड’ लिहितो. मी ‘द’ गाळतो, तो जादा घालतो. दोघांचा मसुदा एकत्र केला की हिशेब जुळतो.

हे सारे घरच्या अनुभवामुळे लिहावेसे वाटले. मुलगी तिसरीत असताना पालकसभेत सल्ला मिळाला : इंग्रजी सुधारायचे तर घरी इंग्रजीच बोला. आम्ही वर्षभर तो पाळला. झाले असे, की ‘आजच’चे आमचे ‘टुडे इटसेल्फ’ आणि आमचे ‘सिन्स टेन इयर्स’ तिने जसेच्या तसे उचलले आणि सांगलीच्या आजीशी फोनवरचे बोलणे ‘हो’, ‘नाही’, ‘बरी आहे’ एवढ्यावर आले. इंग्रजी सुधारले नाहीच, आजी मात्र दुरावली.

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली. त्याआधीचे माझ्यासारखे मराठी शाळेतले विद्यार्थी पाचवीत ए-बी-सी-डी गिरवू लागले. आमच्या आधीच्या पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर वाढल्या : आधी नियम, मग मराठी वाक्याचे इंग्रजी आणि इंग्रजीचे मराठी. त्या पद्धतीने फर्डे बोलता येत नाही, ही टीका खरी आहे. त्यासाठी ऐकणे, वाचणे हवेच. पण दोन वाक्ये शेजारी ठेवली की एक भाषा जो भेद क्रियापदात करते तो दुसरी कुठे करते, हे डोळ्यांना दिसते. मराठी पुसून टाकली तर शेजारी ठेवायचे काय?

आम्ही घरी पुन्हा मराठी सुरू केली. आता शुक्रवारी सकाळी नाश्त्यानंतर मुलगी आणि मी एक वही घेऊन बसतो. डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर इंग्रजी, दिवसाला पाच वाक्ये. वाक्ये पुस्तकातली नसतात, आठवड्यात घरात कोणीतरी बोललेली असतात. वाचकहो, खर्च एका वहीचा आहे, करून पाहा.

मागच्या महिन्यात आजीने फोनवर सांगितले, ‘मी मार्चपर्यंत येते गं, आणि मेपर्यंत राहते.’ फोन ठेवून मुलगी म्हणाली, ‘बाबा, पहिला बाय, दुसरा अन्टिल.’ आणि वही आणायला गेली.