गोदामातला माल कुठे गेला? वायरचा की वायरलेस, कोणता आरएफआयडी रीडर घ्यावा?

लग्नसराई संपली की बिछायत केंद्राच्या गोदामात एकच वाद ऐकू येतो. पाचशे खुर्च्या गेल्या, परत किती आल्या? वलीम्याला दिलेल्या देगी सगळ्या आल्या का? वही एक आकडा सांगते, टेम्पोवाला दुसरा. शेवटी बोट दाखवलं जातं माल उतरवणाऱ्या पोरांकडे. पुरावा नसताना मजुरी कापली जाते आणि महिन्याने तीच देग ताडपत्रीखाली सापडते. नुकसान पैशाचं होतंच, पण बदगुमानीचं त्याहून मोठं.

मंडप, केटरिंग, सेंट्रिंगचं सामान भाड्याने देणं, गॅरेज हे धंदे आपल्याकडे अनेक कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेत. अशा दुकानदारांना आता आरएफआयडी लावण्याचा सल्ला मिळतो. पण रीडर वायरचा घ्यायचा की वायरलेस, इथेच गोंधळ होतो. तो आज आपण सोडवू.

आधी मूळ गोष्ट

आरएफआयडी आपण रोज पाहतो. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवरच्या सगळ्या टोल लेन फास्टॅगच्या झाल्या. गाडीच्या काचेवरचा तो स्टिकर म्हणजे आरएफआयडी टॅग. त्यात बॅटरी नसते. टोलवरचा रीडर रेडिओ लहरी सोडतो, त्यांच्यातूनच टॅगला ऊर्जा मिळते आणि तो आपला नंबर परत पाठवतो. खुर्ची, देग, ड्रिल मशीन यांच्यावर टॅग लावला की तेच काम गोदामात होतं. बारकोडसारखी एकेक वस्तू समोर धरावी लागत नाही. एका झटक्यात पुष्कळ टॅग वाचले जातात.

एक गैरसमज इथेच दूर करू. टॅग आणि रीडर यांच्यात वायर कधीच नसते. वायरचा की वायरलेस हा प्रश्न फक्त रीडर आणि कॉम्प्युटर यांच्यातल्या जोडणीचा आहे.

वायरचा रीडर: दारावरचा वॉचमन

हा भिंतीवर किंवा दाराच्या चौकटीवर कायमचा बसवतात. त्याला अँटेना जोडलेले असतात आणि नेटवर्क केबलने तो कॉम्प्युटरला जोडतात. बऱ्याच रीडरना त्याच केबलमधून वीजही मिळते, वेगळा प्लग लागत नाही. मात्र या केबलची मर्यादा १०० मीटर आहे, हे लक्षात ठेवा.

फायदा असा की कुणी बटण दाबायची गरज नाही. माल दारातून गेला की नोंद झाली, माणूस विसरला तरी रीडर विसरत नाही. तोटा असा की तो जिथे बसवला तिथलंच पाहतो. दाराजवळ रचून ठेवलेला मालही तो उगाच वाचतो, म्हणून दारासमोरची जागा मोकळी लागते. माल आत आला की बाहेर गेला हे कळायला अँटेनाची मांडणी विचारपूर्वक करावी लागते. आणि लाईट गेली की तो बंद, म्हणून इन्व्हर्टर किंवा यूपीएस हवाच.

वायरलेस रीडर: हातातला मुनीम

हा हातात धरायचा, बॅटरीवर चालणारा रीडर. ब्लूटूथने मोबाईलला किंवा वाय-फायने कॉम्प्युटरला जोडतात. हॉलवर जाऊन, टेम्पोत माल भरण्याआधीच मोजणी करता येते. नेटवर्क नसलं तरी बरेच रीडर नोंद साठवून ठेवतात आणि नंतर पाठवतात. हरवलेली वस्तू शोधायलाही तो कामाचा: तिच्याजवळ जाल तसा बीप वाढतो.

पण इथे माणसाने आठवणीने स्कॅन करावं लागतं. बॅटरी चार्ज करायची राहिली की काम अडतं. आणि रीडर हातातून पडतो, हेही हिशेबात धरा.

भांडीवाल्यांनी हे वाचाच

धातू रेडिओ लहरी परावर्तित करतो आणि पाणी त्या शोषून घेतं. प्लास्टिकच्या खुर्चीवर साधा टॅग चालतो. तांब्याच्या देगीवर तोच टॅग मुका होतो. धातूसाठी वेगळे टॅग मिळतात, ते साध्या टॅगपेक्षा बरेच महाग असतात. शिवाय भांडी एकात एक रचली की आतले टॅग वाचले जात नाहीत. रीडर कितीही भारी घेतला तरी ही अडचण तशीच राहते.

मग घ्यावं काय?

माल एकाच दारातून जात-येत असेल, रोजची वर्दळ मोठी असेल, तर वायरचा रीडर. माल चार ठिकाणी पसरलेला असेल, गोदाम भाड्याचं असेल, वर्षातून काही वेळाच मोजणी करायची असेल, तर हातातला. आमचं मत असं की छोट्या दुकानदाराने सुरुवात एका वायरलेस रीडरने करावी आणि फक्त महागड्या वस्तूंना टॅग लावावेत. हिशेब जमला की दारावर वायरचा बसवता येतो, टॅग तेच चालतात. मात्र दोन्ही रीडर एकाच जातीचे, म्हणजे यूएचएफ, असले पाहिजेत.

विकत घेताना रीडर भारतात परवानगी असलेल्या ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झ पट्ट्यातला आहे का, हे विचारा. अमेरिकेसाठी बनवलेले रीडर वेगळ्या पट्ट्यात चालतात, स्वस्त मिळाले तरी घेऊ नका. पैसे देण्याआधी विक्रेत्याला गोदामात बोलवा आणि तुमच्याच देगी-खुर्च्यांवर चाचणी घ्या.

एक शेवटचं. आरएफआयडी म्हणजे जीपीएस नव्हे. वस्तू आत्ता कुठे आहे ते तो सांगत नाही, शेवटची कुठे आणि कधी दिसली एवढंच सांगतो. पण पोरावर आळ घेण्याआधी स्क्रीनवर एवढं दिसलं, तरी अर्धे वाद तिथेच मिटतात.